गळकं छत कुणी दुरुस्त करायचं? मुंबईतल्या एका जबाबदारीचा इतिहास

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांचे मेसेज सध्या बरेच येताहेत. बहुतेकांची अडचण सारखीच असते. विषय ठरलाय, पण 'फार मोठा आहे' असं सगळे म्हणतात, मग तो छोटा कसा करायचा? 'मुंबईतील घरांचा इतिहास' असा विषय घेऊन मुलाखतीला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत समिती तुम्हाला समुद्रात सोडून देईल. म्हणून आज माझ्याच कामातला एक तुकडा घेऊन दाखवतो. प्रश्न अगदी घरगुती आहे: छत गळतंय, तर ते दुरुस्त कुणी करायचं आणि पैसे कुणी द्यायचे?

प्रश्न लहान आहे, पण त्याला धरून चाललं की तुम्ही भाडेकायद्यात शिरता, तिथून महापालिकेच्या करात, तिथून सोसायटीच्या उपविधींत आणि शेवटी थेट सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे जाऊन उभे राहता. शिवाय यात माणसं मरतात. दर पावसाळ्यात मुंबईत कुठली ना कुठली इमारत किंवा तिचा भाग कोसळतो आणि 'जबाबदार कोण' हे दुसऱ्या दिवशी विचारलं जातं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न आदल्या दिवसाकडून, किंबहुना आदल्या शतकाकडून विचारायचा असतो.

सुरुवात कौलांपासून करू. कोकणात आणि घाटावरही पावसाळ्याआधी घर शाकारणं हे दरवर्षीचं काम. गवताचं छप्पर असेल तर नवं गवत घालायचं, नळ्यांचं असेल तर नळे फिरवायचे, फुटके काढून नवे बसवायचे, कुजलेली रीप बदलायची. म्हणजे छत ही एकदा बांधून विसरायची गोष्ट नव्हतीच. ते दर वर्षी थोडं थोडं नवं होत असे, आणि ज्याच्या घरात राहायचं त्याच्या मेहनतीतून किंवा त्याने दिलेल्या मजुरीतून होत असे. 'हे छत अमुक वर्षं टिकेल' असं वचन द्यायला तिथे कुणाला जागाच नव्हती.

मग आलं मंगलोरी कौल. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हे एकमेकांत अडकणारं सपाट कौल किनाऱ्याने वर सरकत मुंबईपर्यंत आलं. या कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. जुनं घर पाडताना असं कौल हाती लागलं की आपण हरखतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ठशात साल दिसलं तर ते त्याच कौलाचं असेल असं धरून चालू नका, कारखाना सुरू झाल्याचं सालही ठशात असू शकतं. आणि ठसा म्हणजे हमी नव्हे. तो माल कुणाचा हे सांगतो, फुटला तर भरून कोण देणार हे सांगत नाही. या दोन्ही गोष्टी आजच्या जाहिरातींतही सर्रास एकत्र मिसळलेल्या असतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वतःच्या घरात प्रश्न सोपा होता. भाड्याच्या खोलीत तो अवघड होतो, कारण राहतो एक आणि मालकी दुसऱ्याची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधलं कलम १०८ काढून वाचा. घरमालकाने छत दुरुस्त केलंच पाहिजे असं सरसकट कर्तव्य त्यात नाही. उलट भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी ठेवावी असं आहे, नेहमीची झीज आणि न टाळता येणारी आपत्ती वगळून. मालकाने कराराने दुरुस्ती स्वीकारली असेल आणि कळवूनही तो करत नसेल, तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, एवढी सोय दिली आहे. पण माझं लक्ष वेधलं ते कलमाच्या सुरुवातीच्या अटीने: करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल तरच पुढचं सगळं लागू. म्हणजे १८८२ च्या कायद्याने शाकारणीसारख्या रिवाजाला दार उघडं ठेवलं होतं. कलम वाचताना आपण धावत मुख्य वाक्याकडे जातो आणि असे 'नसेल तर', 'परंतु', 'अन्यथा' मागे सोडतो. संशोधनाचा माल बऱ्याचदा तिथेच पडलेला असतो.

मुंबईत हा रिवाज फार काळ पुरला नाही. गिरण्या, गोदी, चाळी, एका खोलीत आठ-दहा माणसं. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच, आणि अखेर आपल्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा कायदा आला, १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम. याने दोन गोष्टी एकदम केल्या. एक, 'प्रमाण भाडं' ठरवलं: १ सप्टेंबर १९४० या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली असेल, ते. दोन, भाडेकरूने करारात वेगळं काही मान्य केलं नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं कर्तव्य केलं.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एका हाताने उत्पन्न गोठवलं, दुसऱ्या हाताने खर्चाची जबाबदारी टाकली. सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी ही काही १९४० वर थांबली नाही.

मालकाने नाही केलं तर? कायद्याने उपायही दिला. भाडेकरूंनी नोटीस द्यावी, वाट बघावी, आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यावा. हाच उपाय आजच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमातही आहे: निदान १५ दिवसांची नोटीस, आणि एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त नाही. वाचायला न्याय्य वाटतं. आता पेन्सिल घ्या. समजा खोलीचं भाडं महिना १०० रुपये आहे. वर्षाचे झाले १,२००. एकचतुर्थांश म्हणजे ३००. मजल्यावरच्या दहा खोल्यांनी मिळून कापले तरी वर्षाला ३,००० रुपये. एवढ्यात छताची ताडपत्री येईल, छत येणार नाही. हक्क कागदावर पूर्ण आहे आणि गणितात जवळजवळ शून्य आहे. कायद्याचा इतिहास लिहिताना कलमातल्या प्रत्येक आकड्याचं असं एकदा गणित करून बघा. मी तरी प्रबंधाच्या वहीत कलमाशेजारी हिशेबाचा रकाना ठेवला आहे.

'मालक लबाड' आणि 'भाडेकरू फुकटे' या दोन्ही गोष्टी तुम्हाला मुलाखतींत ऐकू येतील, दोन्ही बाजूंनी अगदी तळमळून. दोन्ही नोंदवा, पण त्यात अडकू नका. बरेच मालक दुरुस्ती टाळत होते, कारण इमारत पडली तर भाडेकरू जातील आणि जमीन मोकळी होईल. जमिनीची किंमत तर कुणी गोठवली नव्हती. आणि बरेच भाडेकरू पागडी देऊन आले होते, म्हणजे त्यांच्या मते त्यांनी घर जवळजवळ विकतच घेतलं होतं. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणं बेकायदा होतं, तरी व्यवहार सर्रास चालत असे, आणि १९९९ च्या कायद्याने ती अखेर मान्य केली. म्हणजे अनेक दशकं छताखालच्या खऱ्या पैशाची पावतीच नव्हती. दुरुस्तीची जबाबदारी पावतीवरच्या भाड्यावरून ठरत होती, आणि खरा पैसा पावतीबाहेर फिरत होता. हे कळल्यावर मला भाडेपावत्यांकडे बघायची दृष्टीच बदलावी लागली. त्यांवरची रक्कम खरी असते, फक्त ती अर्धीच गोष्ट सांगते.

साठच्या दशकात इमारती कोसळण्याचं प्रमाण इतकं वाढलं की सरकारला मध्ये पडावं लागलं. समिती नेमली गेली आणि १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. कल्पना अशी: मालक करत नाही, भाडेकरूला परवडत नाही, तर दुरुस्ती एका सरकारी मंडळाने करावी आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसवावा. हा उपकर महापालिका मालमत्ता करासोबत गोळा करते. पुढे १९७६ च्या कायद्याने म्हाडा आली आणि हे मंडळ तिच्या पोटात गेलं. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तुम्ही बातम्यांत वाचता तो इथला.

सुरुवातीला अशा इमारती होत्या १९,६४२. त्यांचे तीन वर्ग केले. 'अ' वर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, 'ब' वर्ग त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या, 'क' वर्ग १९५१ ते सप्टेंबर १९६९ च्या. आता ती पहिली तारीख पुन्हा वाचा. भाडं गोठवलं ती तारीख आणि सर्वांत जीर्ण इमारतींचा वर्ग जिथे संपतो ती तारीख एकच आहे. १९,६४२ पैकी १६,५०२ इमारती या एका वर्गात. १ सप्टेंबर १९४० ला बांधकामशास्त्राच्या दृष्टीने काहीही घडलं नव्हतं, त्या दिवसानंतर सिमेंट चांगलं झालं असं नाही. ती तारीख भाडेकायद्यातून उचलून दुरुस्तीच्या कायद्यात आली. कुठल्या छताची काळजी सरकारने घ्यायची, याचं उत्तर छताच्या अवस्थेआधी भाड्याच्या कायद्याने दिलेलं आहे. माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण या एका तारखेवर उभं आहे. दोन वेगळ्या कायद्यांत, दोन वेगळ्या कामांसाठी, एकच विचित्र नेमकी तारीख दिसली की थांबायचं आणि तिच्या मागे लागायचं.

मंडळाच्या जबाबदारीलाही कडा होत्या. ते फक्त मुंबई शहरासाठी; माहीमच्या किंवा शीवच्या पुढे उपनगरात तितकीच जुनी इमारत असली तरी ती त्याच्या बाहेर. काम मुख्यतः इमारतीच्या सांगाड्याचं. आणि दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली. दुरुस्तीचा अंदाज त्यापुढे गेला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते, मग तिथल्या लोकांनी संक्रमण शिबिरात जायचं. किती जण तिथून परतले आणि कधी, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे, कुणाला हवा असेल तर घ्या. गावाकडे मे महिना शाकारणीचा असायचा. मुंबईत त्याच सुमाराला म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. काम गेलं, त्याच्या जागी यादी आली.

याच कायद्यात १९८६ मध्ये एक प्रकरण घातलं गेलं. इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने ती इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी, आणि मालकाला भरपाई म्हणून मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम. कुठलं भाडं, हे आता तुम्हाला सांगायला नको. मालकांची संघटना न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तरतूद उचलून धरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे सोपवलं गेलं आणि निकाल लागला ५ नोव्हेंबर २०२४ ला. खाजगी मालकीची प्रत्येक वस्तू घटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असं बहुमताने म्हटलं गेलं. घटनेच्या तासाला हा निकाल समाजवाद विरुद्ध मालमत्ता असा शिकवला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण तो निघाला होता गळक्या, टेकू लावलेल्या चाळींतून. मधल्या काळात, डिसेंबर १९९७ मध्ये, याच न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असंही म्हटलं होतं. नवा कायदा येऊ घातला होता म्हणून त्या रद्द केल्या नाहीत इतकंच. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. गोठलेल्या आकड्यावर ४ टक्के म्हणजे किती, ते पुन्हा पेन्सिल घेऊन बघा.

आता गच्चीवर येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेक जण चाळीत राहत नसणार.

मालकीचा फ्लॅट ही गोष्ट आली तेव्हा जबाबदारी पुन्हा सरकली. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने, म्हणजे मोफाने, बिल्डरवर पहिल्यांदा मुदतीची जबाबदारी टाकली: ताबा दिल्यापासून तीन वर्षांत दोष कळवला तर शक्य तिथे बिल्डरने जादा पैसे न घेता तो दुरुस्त करावा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ ने ही मुदत पाच वर्षं केली आणि कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती करा असंही घातलं. बिल्डरांच्या अनेक करारनाम्यांत त्यापुढे बारीक अक्षरांत वाक्यं असतात: ग्राहकाने फोडतोड केली असेल तर नाही, नेहमीच्या झिजेचं नाही, केसासारख्या चिरा हा दोष नाही. १८८२ मधली 'नेहमीची झीज' इथे पुन्हा भेटते, फक्त आता तिच्या आडोशाला भाडेकरू नसून बिल्डर उभा आहे.

मुदत संपली की छत सोसायटीचं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे: गच्चीची, छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेच्या खर्चाने, फ्लॅटच्या आतल्या नळ-मोरीच्या गळतीसारख्या गोष्टी सभासदाच्या खर्चाने. वरच्या मजल्यावरच्या घरात गच्चीतून पाणी झिरपून छताचा गिलावा पडला, तर तोही संस्थेने करून द्यायचा. मग भांडण कशाला होतं? कारण खर्चाला पैसे लागतात आणि पैशाचा ठराव सभेत होतो. सात मजल्यांच्या इमारतीत गळती एका मजल्याला आणि मतं सातही मजल्यांना. 'तुमच्या घरात गळतंय, तुम्ही बघा' हे वाक्य उपविधीविरुद्ध आहे, तरी ते सभेत म्हटलं जातं आणि त्याला मान डोलावणारे बहुसंख्य असतात. संस्थांची इतिवृत्तं मिळाली तर नक्की वाचा. ठराव काय झाला यापेक्षा तो किती सभा पुढे ढकलला गेला, हे मोजा.

सोसायटी मग ठेकेदार बोलावते. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा किंवा रसायनाचा थर होतो आणि स्टॅम्प पेपरवर 'दहा वर्षांची गॅरंटी' मिळते. हा कागद इतिहासाचं साधन म्हणून मला फार आवडतो. त्यातला मुख्य शब्दच कायद्याच्या कसोटीवर चुकलेला असतो. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे गॅरंटीत तीन पक्ष लागतात: पैसे किंवा काम देणं असलेला, ज्याला ते मिळायचं तो, आणि पहिल्याने चुकवलं तर मी भरीन म्हणणारा तिसरा. मराठीत आपण त्याला जामीन म्हणतो. ठेकेदाराच्या कागदावर तिसरा कुणीच नसतो. ठेकेदार स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच वचन देतो, म्हणजे फार तर वॉरंटी. उद्या त्याने दुकान गुंडाळलं तर धरायला जामीन नाही. शिवाय वचन सोसायटीला दिलेलं असतं. पाचव्या मजल्यावरच्या ज्या बाईंच्या पलंगावर पाणी पडतंय त्या कागदात नसतात, त्यांना सोसायटीमार्फतच जावं लागतं. आणि कागदात काय येत नाही ते बघा: गच्चीवर कुणी डिश अँटेना ठोकली, टाकी बसवली, सौर पॅनलसाठी भोकं पाडली, स्लॅबच्या सळ्यांना गंज चढला, तर गॅरंटी रद्द.

या 'दहा वर्षां'बद्दल एक सावधगिरी. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेत वास्तुकार आणि ठेकेदारांवर दहा वर्षांची जबाबदारी होती. हे वाचल्यावर मुंबईच्या कोब्याचं मूळ पॅरिसला नेण्याचा मोह होतो. आकडा जुळला म्हणून वंशावळ जुळत नाही, मधला दुवा दाखवणारा कागद लागतो. १ सप्टेंबर १९४० च्या बाबतीत तो दुवा आहे, कारण दोन्ही कायदे मुंबईला लागू, आणि दुसरा पहिल्याच्या परिणामांवर इलाज म्हणून आलेला. दहा वर्षांच्या बाबतीत तसं काही समोर नाही, तोवर तो फक्त गोल आकडा. (हम्मुराबीच्या संहितेत घर पडलं तर बांधणाऱ्याला शिक्षा होती, हेही अनेक जण पहिल्या परिच्छेदात घालतात. खरं आहे, पण तुमच्या प्रकरणाला त्याचा काही उपयोग नाही. काढून टाका.)

तुम्हाला हाच प्रश्न तुमच्या शहरासाठी घ्यायचा असेल तर चार प्रकारचे कागद एका इमारतीसाठी गोळा करून बघा: भाडेपावत्या किंवा करारनामा, महापालिकेच्या नोटिसा, सभेची इतिवृत्तं, ठेकेदाराचा स्टॅम्प पेपर. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात म्हाडाचं दुरुस्ती मंडळ नव्हतं, भाडेकायदा मात्र तिथेही होता. मग तिथल्या वाड्यांची छतं कुणी सांभाळली? पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांवर काम करणारं कुणी असेल तर मला जरूर लिहा, माझ्या चौथ्या प्रकरणाला तुलनेसाठी नेमकं तेच हवं आहे.